राजदूत ३५० : मूठ पिळली की डावं सिलिंडर आधी उचलतं, उजवं मागून. काय करावं?

आर्वीकर
बाबांची १९८५ ची राजदूत ३५० अकरा वर्षं कापसाच्या गोदामात उभी होती. दिवाळीपासून तिच्या मागे लागलोय. सुरू होते, पण उजवा सायलेन्सर जेमतेम कोमट, उजवा प्लग ओला आणि काळा. तालुक्याच्या एका मिस्त्रीनं दोन्ही मेन जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बदलले, काडीचा फरक नाही. आता म्हणतो, कार्बोरेटरची जोडीच नवी घ्या. घ्यावी का?

वणीचा टू-स्ट्रोक
घेऊ नका भाऊ, आणि जेटलाही आता हात लावू नका. आधी केबल. मुठीतून एकच तार निघते, टाकीखालच्या जोडात जाते, तिथून तीन फाटे फुटतात : दोन कार्बोरेटरला, तिसरा इंजिनला तेल पुरवणाऱ्या ऑइल पंपाला. जोडातला सरकणारा तुकडा झिजून तिरका झाला की एक स्लाइड (कार्बोरेटरमधला हवेची वाट उघडणारा दट्ट्या) मागे राहते. माझ्या गाडीत तर एका फाट्याचे तंतू आत तुटून झाडूच्या काड्यांसारखे पिंजारले होते. बाहेरून केबल अगदी धड. एकच फाटा बदलू नका, लांबी जुळत नाही. अख्खा सेट टाका.

मग एअर फिल्टर काढा, दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडांत एकेक बोट घाला आणि दुसऱ्याला मूठ अगदी हळू पिळायला सांगा. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. डोळ्यापेक्षा बोटाला हे लवकर कळतं. फरक असेल तर कार्बोरेटरवरच्या अ‍ॅडजस्टरनं काढा. शेवटी इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. रेस वाढली तर केबल कुठंतरी ताणली जातेय.

भाऊ_दारव्हा
राजेहो, पंप विसरू नका! केबल बदलली का पंपाच्या चाकावरची खूण पुन्हा जुळवा लागते. तशीच ठेवसान त तेल कमी पडन अन् पिस्टन जाम होईन. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, गाडीले दम निघत नाही.

आर्वीकर
जोड उघडला. तुकडा एका कडेला नखाएवढा झिजलाय, आणि उजव्या फाट्याला तुमच्यासारखेच पिंजारलेले तंतू. नागपूरहून सेट मागवतो. जुनी केबल फेकू का?

वणीचा टू-स्ट्रोक
नका फेकू. नवी आली की दोन्ही ओसरीत शेजारी शेजारी पसरा आणि प्रत्येक फाट्याची लांबी मोजा. मला एकदा पंपाचा फाटा आखूड असलेला सेट आला होता, तो बसवण्याआधीच परत केला.