मदत हवी आहे : सुट्या पानावरच्या घड्याळ-जाहिरातीचं साल कसं पक्कं करायचं?

‘नवऱ्याने बायकोला द्यायची भेट’ ते ‘तिने स्वतः घेतलेलं घड्याळ’ हा बदल जुन्या जाहिरातींतून सालवार लावायचा आहे. पानं मासिकांतून कापलेली. कापणाऱ्याने तारखेची पट्टी नेमकी उडवलीय! मनगटी घड्याळाच्या डायलवर ‘क्वार्ट्झ’ (म्हणजे बॅटरी आणि स्फटिकावर चालणारं) असेल तर जाहिरात १९६९ च्या आधीची नाही, पण ती त्यानंतर किती उशिराची, हे यातून कळत नाही. मागच्या बाजूची मोटारीची जाहिरात त्याहून कामाची, मॉडेलवरून साल जवळपास कळतं. मागे नुसता लेख असेल तर काय बघायचं?

दुसरं, नंतर काढलेली प्रत ओळखणं. ऑफसेटचे (मासिकांच्या नेहमीच्या छपाईचे) ठिपके दहापट भिंगाखाली फुलासारखे जुळलेले दिसतात, इंकजेटचे (घरगुती शाई-प्रिंटरचे) विस्कटलेले. ग्रॅव्ह्युअरच्या (कोरलेल्या सिलिंडरवरून छापलेल्या) पानांना ही कसोटी लागू पडत नाही. तिथे तुम्ही काय तपासता, कागद की शाईची कड?