मदत हवी आहे: गुणोत्तर आणि शेकडेवारीची शाब्दिक उदाहरणं जमेनात, परवा पेपर

पाथरीची_आई, रात्री ७.४८
नमस्कार. माझ्या मुलीला गुणोत्तर आणि शेकडेवारीची शाब्दिक उदाहरणं अजिबात जमेना झालीत. नुसते आकडे दिले की पटापट करते, पण तेच वाक्यात आलं की पेन्सिल तोंडात धरून बसते. रोज संध्याकाळी घेऊन बसायलेय, माझा आवाज चढायलाय आणि ती रडायलीय. सगळ्या उदाहरणांना चालेल अशी एखादी युक्ती असेल तर लवकर सांगा, परवा पेपर आहे.

गोदाकाठ, ७.५५
कितवीला आहे ताई? मराठी माध्यम का सेमी? आणि अडलेलं एखादं उदाहरण टाका, त्याशिवाय काय सांगणार.

नवोदय_पालक_नांदेड, ८.०२
ताई टेन्शन घेऊ नका, आमच्या मोठ्यानं दिलाय हा नवोदय प्रवेशाचा पेपर. ८० प्रश्न, १०० गुण, २ तास. त्यात मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न ५० गुणांना, अंकगणिताचे २० प्रश्न २५ गुणांना आणि भाषेचे २० प्रश्न २५ गुणांना. म्हणजे निम्मे गुण नुसत्या आकृत्यांचे आहेत, आधी त्या पक्क्या करून घ्या, गणितात एवढं अडकून पडू नका. आणि उत्तरपत्रिकेत गोल भरायची सवय घरी करून घ्या, पोरं तिथं वेळ घालवतात.

पाथरीची_आई, ८.०९
नवोदय नाही हो, सहावीत आहे ती, सेमीला. शाळेची घटक चाचणी आहे. उदाहरण हे घ्या, शाळेत मुलगे मुली ५:४, ६० मुलगे, एकूण किती. ती ६० ला ९ नं भागते, ६.६६ येतं आणि पुढं अडते. गाईडमधे उत्तर ५४० दिलंय. ते कसं आलं ते मलाच कळेना.

तिरकस_गुणाकार, ८.१४
अगदी सोपंय ताई. मुलगे ५ भाग, एकूण ९ भाग. ५ ला ६० तर ९ ला किती? तिरकस गुणाकार करा, ५ × क = ९ × ६० = ५४०, म्हणून क = १०८. उत्तर १०८. गाईडवाल्यानं ५४० काढले आणि शेवटी ५ नं भागायचं विसरला, छपाईत असल्या चुका भरपूर असतात. मी १४ वर्षं क्लास घेतोय, तिरकस गुणाकार एकदा हातात बसला की गुणोत्तर, शेकडेवारी, नफा-तोटा सगळं त्यातच येतं.

गोदाकाठ, ८.१७
१०८ बरोबर वाटतंय. ६० मुलगे, ४८ मुली. गाईड बदला ताई.

अंबाजोगाईचे_गुरुजी, ८.२५
गाईडला लगेच चूक ठरवू नका. बाई, पुस्तकातली ओळ जशीच्या तशी टाइप करा, एकही शब्द न गाळता.

पाथरीची_आई, ८.३१
तेच आहे सर, पण बरं, घ्या. "एका शाळेतील मुलगे व मुली यांचे गुणोत्तर ५ : ४ आहे. मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा ६० ने जास्त आहे. तर त्या शाळेतील एकूण विद्यार्थी किती?"

अंबाजोगाईचे_गुरुजी, ८.४४
आता बघा. तुम्ही "मुलींपेक्षा ६० ने जास्त" याचं "६० मुलगे" केलंत. तुमची लेकही हेच करते बहुतेक, आकडे उचलते आणि मधले शब्द सोडून देते. यात गणित चुकत नाही, वाचन चुकतं. तिला वहीत चौकटी काढायला लावा. मुलग्यांसाठी एका ओळीत ५ चौकटी, खाली मुलींसाठी तेवढ्याच मापाच्या ४, दोन्ही डावीकडून सुरू करायच्या. वरच्या ओळीत एक चौकट बाहेर राहते का? ती जास्तीची चौकट म्हणजेच ६०. मग प्रत्येक चौकट ६० ची, मुलगे ३००, मुली २४०, एकूण ५४०. गाईड बरोबर आहे. आता तेच ५:४ ठेवा आणि तीन प्रश्न तुम्हीच तयार करा. एकूण विद्यार्थी १८० असतील तर १८० हे ९ चौकटींवर बसतात, एक चौकट २०. मुलगे १८० असतील तर ५ चौकटींवर, एक चौकट ३६. आणि फरक १८० असेल तर एकाच चौकटीवर. आकडा तोच, पण तो कुठं बसला त्यावर सगळं ठरतं. हे तीन तिनं स्वतः काढले की बाकीचं निम्मं काम झालं म्हणून समजा. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो, चौकटी काढायला लावल्या आणि पोरगं तसंच अडून राहिलं असं फार क्वचित झालं.

तिरकस_गुणाकार, ८.५१
मान्य, वाक्य अर्धं दिल्यामुळं माझं चुकलं. पण सर, चौकटी काढायला परीक्षेत वेळ कुठाय? १ ला ६० तर ९ ला किती, झालं की तिरकसनंच. शेवटी स्पर्धा परीक्षेत स्पीड लागतो.

गोदाकाठ, ८.५८
मी पण घाईनं १०८ ला हो म्हणलं, वाक्य पूर्ण यायच्या आधी बोलायलाच नको होतं. पण तुमच्या तिरकसवर माझा एक प्रश्न आहे. १२ मजूर एका शेतातलं सोयाबीन ६ दिवसांत काढतात तर ९ मजुरांना किती दिवस? तुमच्या पद्धतीनं पोरगं लिहिणार १२ ला ६ तर ९ ला किती, उत्तर साडेचार. माणसं कमी झाली आणि काम लवकर उरकलं, असं कुठं असतं का. खरं उत्तर ८, कारण काम १२ × ६ म्हणजे ७२ रोजाचं आहे आणि ते ९ जणांत वाटायचंय. आमच्या पुतण्यानं असलंच लिहिलं होतं आणि क्लासमधेच शिकवलेलं होतं ते.

तिरकस_गुणाकार, ९.०३
व्यस्त प्रमाण सातवीत आहे, ते इथं कशाला काढता. सहावीच्या लेकराला गोंधळात पाडू नका.

गोदाकाठ, ९.०५
सातवीत गेल्यावर हीच सवय नडते म्हणून काढलं.

विटा_वाळू_उदगीर, ९.११
मी बांधकामात आहे, शिक्षण दहावी, पण गुणोत्तर रोजचंच काम आहे आमचं. मिस्त्री म्हणतो एकास चार माल कर, म्हणजे एक घमेलं सिमेंट आणि चार घमेली वाळू. नवीन पोराला विचारलं की यात सिमेंट किती टक्के तर दहातले आठ म्हणतात २५. २५ नाही, २०. एकूण घमेली पाच झाली ना, पाचातलं एक. एकास सहाला पण तसंच, सातातलं एक. मुलीला वाटी आणि तांदूळ-डाळ घेऊन करायला लावा ताई, खिचडी करतानाच विचारा, दोनास एक घेतलं तर डाळ एकूणाच्या कितवा भाग. माझ्या पोरीला असंच आलं.

पाथरीची_आई, ९.२०
गुरुजी, तुम्ही म्हणता ते पटलं, मीच शब्द गाळला होता. चौकटी काढून तिनं तिन्ही केले, १८० चे तिन्ही बरोबर आले! वाटीचं उद्या स्वैपाक करताना करते दादा. पण शेकडेवारीचं राहिलंच. हे बघा, यावेळी पूर्ण लिहितेय. "एक घड्याळ ८४० रुपयांना विकल्यामुळे दुकानदारास २०% नफा झाला, तर घड्याळाची खरेदी किंमत किती?" ती ८४० चे २०% काढते १६८ आणि वजा करते, ६७२. मला पण तेच बरोबर वाटायलंय. गाईडमधे ७००.

पावकी_निमकी, ९.२८
हल्लीच्या लेकरांना पाढेच येत नाहीत हे मूळ दुखणं आहे. आम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ होते, पंचवीस टक्के म्हणलं की पाव, पंच्याहत्तर म्हणलं की पाऊण, कागद लागायचा नाही. माझे वडील निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकले, १९४८ नंतर मराठी शाळा आली तेव्हा ते मोठे होते, पण आडतीवरचा हिशोब मरेपर्यंत तोंडी करायचे. रोज सकाळी पावकी म्हणून घ्या, महिन्याभरात फरक पडेल.

गोदाकाठ, ९.३१
काका पेपर परवा आहे.

अंबाजोगाईचे_गुरुजी, ९.४०
पावकी चांगलीच, पण हिला ती कमी पडलेली नाही. ८४० चे २०% तिनं बरोबर काढले की. फक्त २०% कशाचे, हे तिनं विचारलं नाही. गणितात नफा-तोट्याचे टक्के खरेदी किमतीवर मोजतात, दुसरं काही लिहिलेलं नसेल तर. म्हणजे खरेदी १०० धरली तर विक्री १२०. इथं ८४० ही विक्री आहे, म्हणून ते १२० वर बसवायचे. ८४० भागिले १२०, एक भाग ७, १०० भाग ७००. आणि तिचं ६७२ तपासून बघायला सांगा. ६७२ चे २०% होतात १३४.४०, मिळवले तर ८०६.४०, ८४० येतच नाही. ही पडताळणी तिच्या हातानं होऊ द्या, तुम्ही सांगू नका. तुम्ही चूक म्हणल्यानं ती रडेल, ८०६.४० बघून ती स्वतःच थांबेल.

पैठणचा_पाणीवाला, ९.४९
टक्के कशाचे, हे आमच्याकडं पावसाळ्यात रोज वाचायला मिळतं. जायकवाडी ५०% भरलं म्हणतात तेव्हा ते अर्धं धरण नसतं. ती टक्केवारी जिवंत म्हणजे वापरता येणाऱ्या साठ्याची असते, २१७१ दलघमीची (दशलक्ष घनमीटर). त्याच्या खाली ७३८ दलघमी मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न येणारं तळाचं पाणी, वेगळा, दोन्ही मिळून २९०९. म्हणजे ५०% म्हणजे १०८५.५ जिवंत आणि ७३८ मृत, धरणात एकूण १८२३.५. आणि शून्य टक्के म्हणलं तरी खाली ७३८ असतंच. पाथरीकडं डावा कालवा येतो ना ताई, मुलीला हेच उदाहरण द्या, आपल्या पाण्याचं आहे म्हणल्यावर लक्ष लागतं.

सोयाबीन_हिंगोली, ९.५८
पाण्यावरून आठवलं. ओलाव्याचा हिशोब तर शिकलेले पण चुकतात. हमीभावाच्या खरेदीला १२% ओलाव्याची अट असते, समजा माझ्या मालात २०% निघाला. लोक म्हणतात २० चे १२ करायचे म्हणजे क्विंटलला ८ किलो घट. नाही येत. १०० किलोत २० किलो पाणी, ८० किलो कोरडं धान्य. वाळवल्यावर कोरडं ८०च राहणार, पण आता ते ८८% झालं. ८० भागिले ०.८८ म्हणजे ९०.९ किलो. घट ९.१ किलो, ८ नाही. कारण १२% हे नव्या वजनाचे आहेत. वाळवून विकायचं का ओलंच द्यायचं हे ठरवताना मी दोन वर्षं आठ किलोच धरत होतो, कृषी पदविकेला असलेल्या भाच्यानं सांगितलं तेव्हा कळलं.

विटा_वाळू_उदगीर, १०.०१
हे भारी आहे, मला ८च वाटलं असतं.

तिरकस_गुणाकार, १०.०४
सोयाबीनचा धागा वेगळा काढा की, ताईंचा पेपर राहिला बाजूला.

अंबाजोगाईचे_गुरुजी, १०.०९
बाजूला कुठं, हे तर ८४० वालंच गणित आहे, फक्त इथं ८० हे ८८ भागांवर बसतात. तुमच्या वर्गात द्या एकदा.

तिरकस_गुणाकार, १०.१३
देतो. पण मांडणी झाल्यावर सोडवायला तिरकसच लावेन, ते मी सोडणार नाही.

अंबाजोगाईचे_गुरुजी, १०.१४
खुशाल लावा. आधी वाक्य वाचून भाग मांडले की पुढं कुठल्याही पद्धतीनं येतं.

नवोदय_पालक_नांदेड, १०.१६
सहावीत असेल तर ताई नवोदयला नववीसाठी पण प्रवेश परीक्षा असते, आठवीत असताना द्यायची. आतापासून तयारी चालू ठेवा.

पाथरीची_आई, १०.३५
८०६.४० तिनं स्वतः काढलं. थोडा वेळ वहीकडं बघत बसली आणि म्हणली आई, मी विकलेल्यातून काढले ना. मग खरेदीला १०० लिहून चौकट केली आणि ७०० आणले. मी तोंड उघडलं नाही, खरंच सांगते, हात तोंडावर धरून बसले होते. मग गाईडमधलं अजून एक केलं, "५०० रुपयांच्या साडीची किंमत २०% ने वाढवली व नंतर २०% ने कमी केली", आधी म्हणली परत ५००च, वाढवलं तेवढंच कमी केलं. मी म्हणलं दुसरे वीस टक्के कशाचे, तर तिनं ६०० चे काढले, १२० आले, ४८० लिहिलं आणि मलाच विचारलं की मग दुकानदार असं का करतो. त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.
जायकवाडीचं सकाळी करू म्हणली, तिचे आजोबा रोज पेपरात आकडा बघतात, त्यांनाच विचारणारेय ५०% म्हणजे किती पाणी. आता झोपलीय. गुरुजी, उद्या संध्याकाळी अडलं तर परत टाकते, ओळ पूर्ण लिहून.

अंबाजोगाईचे_गुरुजी, १०.४१
टाका. आणि त्या दुकानदाराच्या प्रश्नावर तिलाच आधी कमी करून मग वाढवून बघायला सांगा, काय येतं ते.