रोखीचा एक भाव अन् उधारीचा दुसरा, माळ घातलेल्या माणसानं असं करावं का?

वहीवाला_लातूर

राम कृष्ण हरी मंडळी. लातूर जिल्ह्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे, बाबांनी टाकलेलं. मी परभणीच्या विद्यापीठातून बीएस्सी ॲग्री करून चार वर्षं झाली दुकानात बसायलो. घरात आजोबांपासून माळ आहे, बाबांची आषाढी वारी चुकत नाही. दुकानाचा नियम बाबांनी पहिल्या दिवसापासून ठेवलाय, रोख द्या नाहीतर सोयाबीन विकल्यावर द्या, भाव एकच. व्याज घेतलं तर माळेला बट्टा लागतो म्हणतात.

आता अडचण अशी की जूनमध्ये कोणाच्याच हातात पैसा नसतो, बियाणं खत तणनाशक सगळं वहीवर जातं अन् पैसे येतात दिवाळीच्या मागंपुढं, ते नाही जमलं तर तूर हरभऱ्यावर. आम्हाला माल देणारा होलसेलवाला मात्र महिनाभरच थांबतो, त्याच्या पुढं व्याज लावतो. म्हणजे व्याज घ्यायचं नाही म्हणता म्हणता आम्ही दुसऱ्याचं व्याज भरायलोत. मागच्या सालचे १४ लाख अजून वहीतच आहेत. डीएपी खताची गाडी मागितली की सोबत न खपणारी मायक्रोन्यूट्रियंटची खोकी गळ्यात मारतात, लिंकिंगला बंदी असून सुद्धा, ते वेगळंच.

पण खरं मनाला लागलं ते दुसरं. या जूनमध्ये एक बाई आल्या, पदराची गाठ सोडली अन् बचत गटातून उचललेले ६,२०० रुपये काउंटरवर ठेवले. सगळ्या शंभर दोनशेच्या नोटा, थुंकी लावून दोनदा मोजल्या. त्याच वेळेला ४० एकरवाल्या एका मोठ्या शेतकऱ्याचा ड्रायव्हर आला अन् ११ पोती वहीवर लिहून ट्रॉलीत टाकून गेला. दोघांना भाव एकच. त्या बाई गटाला व्याज भरणार अन् मोठ्या माणसाचं व्याज मी भरणार. मला त्या रात्री झोप लागली नाही.

बाबांना म्हणलं रोखीला कमी अन् उधारीला जास्त असा भाव ठेवू, तर म्हणले तुकोबांनी लोकांच्या कर्जाची खतं, म्हणजे कागदं, इंद्रायणीत बुडवली अन् तू नवीन लिहायला बसलास का. यावर मला बोलताच आलं नाही. तुम्ही सांगा, ही सावकारी होईल का?

आडत_उदगीर

शरणु शरणार्थी दादा. मी लिंगायत, उदगीरला आडत आहे, २२ वर्षं झाली.

तुमच्या बाबांबद्दल आदर ठेवून एक बोलतो. तुकोबांची ती कथा अख्खी बघा. खतं बुडवायच्या आधी त्यांनी निम्मी भाऊ कान्होबाला वाटून दिली अन् स्वतःच्या वाट्याची तेवढी पाण्यात सोडली. भावाचं बुडवलं नाही. तुमच्या वहीतल्या १४ लाखांत होलसेलवाल्याचे आहेत, दुकानातल्या पोराचा पगार आहे, तुमच्या लेकरांचं शिक्षण आहे. आपल्या वाट्याचं सोडायला बाबांना पूर्ण हक्क आहे, पण बाकीचं कोणाचं ते बसून मोजा.

आमच्यात कायक म्हणतात, काम हीच पूजा, पण ते काम चोख पाहिजे. बसवण्णांच्या काळातले शरण आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून पोट भरायचे, एक दिवस गरजेपेक्षा जास्त आणले तर त्यांच्या बायकोनं, लक्कम्मांनी, ते परत टाकून यायला लावले. मी धंद्याला लागलो तेव्हा ओलाव्याचं मीटर आडत्याकडं तोंड करून ठेवायची पद्धत होती, आकडा आपण बघायचा अन् शेतकऱ्याला तोंडी सांगायचा. १२ टक्क्यांच्या वर ओलावा म्हणलं की कट्टी, म्हणजे पैशात कपात, अन् तो १२ होता का १४ हे त्याला कळायचंच नाही. माझ्या वडलांनी मीटर फिरवून त्याचं तोंड शेतकऱ्याकडं केलं. पहिल्या हंगामात आवक कमी झाली, कारण दुसरीकडं वरचा भाव पाच रुपये जास्त पुकारायचे अन् कट्टीत काढून घ्यायचे. तिसऱ्या हंगामात तेच लोक माघारी आले. दोन भाव ठेवा न ठेवा, आकडा त्याच्याकडं तोंड करून ठेवा एवढंच माझं म्हणणं.

पाईप_परभणी

भाऊ, सलाम. परभणीत पाईप अन् मोटारीचं दुकान आहे आमचं. आमच्यात व्याज हराम, घ्यायचंही नाही अन् द्यायचंही नाही, म्हणून हा प्रश्न आमच्या घरात अब्बांच्या काळातच निघाला होता. त्यांनी मौलानांना विचारलं, त्यांनी जे सांगितलं तेच बहुतेक उलेमा सांगतात. उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त ठेवता येतो. पण सौदा होतानाच दोन्हीतला एक ठरला पाहिजे, गिऱ्हाईक उठायच्या आधी, अन् नंतर त्यानं उशीर केला तर एक रुपया पण वाढवायचा नाही. दिवस गेले म्हणून पैसा वाढला की ते व्याज झालं. अन् माणूस खरंच अडचणीत असेल तर मुदत द्यायची.

आम्ही तसंच करतो. बिलावर लिहितो, मोटार उधार, अमुक रुपये, तमुक महिन्यापर्यंत, खाली त्याची सही. मागं दोन साल पावसानं दगा दिला तेव्हा काहींचे पैसे दीड वर्षानं आले, आकडा तोच घेतला. अवघड जातं, खोटं कशाला बोलू, होलसेलचे फोन यायचे तेव्हा अब्बा नमाजला जरा जास्तच वेळ बसायचे.

शेतकरीण_धाराशिव

मी काउंटरच्या अलीकडून बोलते दादा, पाच एकर आहे आमचं. दोन भाव ठेवा पण एमआरपीच्या वर जाऊ नका, तो गुन्हाच आहे. युरियाची ४५ किलोची गोणी २६६.५० ची, ती आम्हाला एका दुकानदारानं उधारीला ३३० नी दिली, वर पक्कं बिल नाही, सिगारेटच्या पाकिटाच्या कागदावर आकडा लिहून दिला. त्याच्याकडूनच घेतलेलं सोयाबीन उगवलं नाही. तालुका कृषी अधिकाऱ्याकडं तक्रार घेऊन गेलो तर त्यांनी बिल मागितलं, पिशवी अन् टॅग मागितला. आमच्याकडं तो कागद. दुबार पेरणी केली अन् गप बसलो. तुमच्या बाबांसारख्या माणसाचं पक्कं बिल त्या दिवशी हातात असतं तर आम्हाला कोणापुढं तरी उभं राहता आलं असतं.

अजून एक. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेवर भरलं तर आपल्याकडं शून्य टक्क्यानं पडतं, तरी कितीतरी लोक वहीवर घेतात कारण बँकेत चार चकरा माराव्या लागतात, नूतनीकरण राहून जातं. तुम्ही बीएस्सी झालेले, तुमचा शब्द ऐकतील लोक. मार्च एप्रिलमध्येच गिऱ्हाइकांना सातबारा काढायला लावून बँकेत पाठवा, निम्मी वही आपोआप हलकी होईल.

वहीवाला_लातूर

सगळ्यांना नमस्कार, उशीर झाला. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, घरचे सगळे शेतात होतो, आंबील भज्जी खाऊन झाल्यावर कोपीपाशी बाबांना तुमचं सगळं वाचून दाखवलं. कान्होबाचं ऐकून बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणले वही आण.

वहीचं ठरलं ते असं. एमआरपीला हात लावायचा नाही, तीच उधारीची किंमत, अन् रोखीला बियाण्यावर अन् औषधावर सूट, दोन्ही आकडे फळ्यावर. युरियात काही उरतच नाही, तिथं सगळ्यांना एकच. बिल प्रत्येकाला, पाच रुपयाच्या पुडीला पण. उशीर झाला तर वाढ नाही. बँकेचं काम मी एप्रिलपासून धरतो, ताई. लिंकिंगच्या खोक्याचं बाबांनी एका वाक्यात संपवलं, जे आपल्या रानात टाकणार नाही ते दुसऱ्याच्या पोत्यासोबत द्यायचं नाही, नुकसान झालं तर होऊ दे.

एकाच गोष्टीवर ते हटले नाहीत. वहीतली तीन पानं त्यांनी काढली, ज्या घरातला कर्ता माणूस गेला त्या घरांची. मी म्हणलं बेरीज तरी करू. त्यांनी लाल पेन घेतला, तिन्ही पानांवर आडवी रेघ ओढली अन् खाली लिहिलं, माझ्या वाट्यातून.