एमएक्स-५ उजव्या वळणात मागून सुटते, डाव्या वळणात नाही. अलाइनमेंटवाल्याला नक्की काय सांगू?

डर्बीकर
नमस्कार मंडळी, माझी २००१ची माझदा एमएक्स-५ आहे, दुसऱ्या पिढीची, १.८ इंजिन, १५ इंची चाकं. मी इंग्लंडमध्ये डर्बीला राहतो आणि रविवारी सकाळी ट्रॅफिक नसताना स्नेक पास नाहीतर बक्स्टन-मॅकल्सफील्ड रस्त्यावर गाडी काढतो, ट्रॅकवर वगैरे जात नाही. स्प्रिंग बदलून गाडी साधारण ३० मिमी खाली घेतली आणि तेव्हापासून उजवं वळण घेताना मध्येच अ‍ॅक्सिलरेटर जरा सोडला की मागचं टोक सुटायला बघतं, डाव्या वळणात मात्र गाडी एकदम शांत असते, उलट नाक थोडं बाहेर जातं. मोटरवेवर सरळ जाताना स्टिअरिंग किंचित डावीकडे वळलेलं राहतं. अलाइनमेंट करून आणलं, पण त्यांनी फक्त पुढचा टो (वरून बघितलं तर चाकांची तोंडं आत की बाहेर, तो कोन) सेट केला आणि मागचं या गाडीत अ‍ॅडजस्ट होत नाही म्हणाले. प्रिंटआउटवर मागचे आकडे असे आहेत: डावं चाक टो-आऊट (तोंड बाहेर) १२ मिनिटं, उजवं टो-इन (तोंड आत) १४ मिनिटं, मिनिट म्हणजे डिग्रीचा साठावा भाग. एकूण टो-इन फक्त २ मिनिटं म्हणजे जवळपास शून्यच, मग प्रॉब्लेम कुठे आहे? पुढे कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा तिरकेपणा, वाढवू का?

नटबोल्ट
कॅम्बर नंतर बघू, तुझं उत्तर त्या प्रिंटआउटमध्येच आहे. एकूण टो बघू नकोस, दोन्ही चाकं वेगवेगळी बघ. डावं चाक टो-आऊट म्हणजे त्याचं तोंड डावीकडे. उजवं टो-इन म्हणजे त्याचंही तोंड डावीकडेच. म्हणजे मागची दोन्ही चाकं मिळून गाडीचा मागचा भाग डावीकडे ढकलतायत, गाडी सरळ ठेवायला तुला पुढची चाकंही तेवढीच डावीकडे धरावी लागतात, आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. म्हणून स्टिअरिंग डावीकडे. याला थ्रस्ट अँगल म्हणतात, तुझा १२ आणि १४ ची सरासरी म्हणजे १३ मिनिटं आला.

आता वळण. उजव्या वळणात वजन डाव्या चाकांवर येतं आणि तुझं मागचं डावं चाक टो-आऊट आहे, म्हणजे ज्या चाकावर सगळा भार आहे तेच वळणाच्या बाहेर तोंड करून बसलंय, पाय उचलला की मागचं वजन कमी होतं आणि शेपूट सुटतं. डाव्या वळणात भार उजव्या चाकावर, ते टो-इन, म्हणून गाडी शांत. अशा ओल्या रस्त्यांच्या देशात मागे टो-आऊट घेऊन फिरू नकोस, हे मी कळकळीने सांगतोय, कोरड्यात सावरशील पण पावसात वेळच मिळणार नाही.

आणि मागचं अ‍ॅडजस्ट होत नाही हे साफ चूक. या गाडीला चारही कोपऱ्यांत डबल विशबोन (वर-खाली दोन आर्मचं सस्पेन्शन) आहे आणि प्रत्येक खालच्या आर्मला आतल्या बाजूने दोन-दोन कॅम बोल्ट (फिरवले की आर्म आत-बाहेर सरकतो असे) आहेत, वॉशरवर खुणाही असतात. मागे त्या दोघांनी कॅम्बर आणि टो, पुढे कॅम्बर आणि कॅस्टर (ज्या अक्षावर पुढचं चाक वळतं त्याचा मागे कल), पुढचा टो ट्रॅकरॉडवर, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यावर.

कोथरूडचा_गडी
दादा, मागचं होत नाही ही सवय कुठून येते सांगतो. आपल्याकडे पुण्यात रोज येणाऱ्या बहुतेक हॅचबॅकला मागे ट्विस्ट बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा तुकडा) असतो, त्यात खरंच काही फिरवायला नसतं, त्यामुळे मशीनवाला पुढचा टो करून कागद हातात देतो. तिकडेही तसंच असणार. म्हणून जाताना फोनवर आधीच विचारा की चारही चाकांचं करता का आणि कॅम बोल्ट फिरवायला तयार आहात का. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा, सरळ.

सॅनहोजे_ऑटोक्रॉस
मी इकडे कॅलिफोर्नियात पहिल्या पिढीची मियाटा (एमएक्स-५चं इकडचं नाव) ऑटोक्रॉसला, म्हणजे मोकळ्या जागेत शंकू मांडून घेतात त्या वेळेच्या शर्यतीला, चालवतो. माझं पुढे मायनस अडीच डिग्री कॅम्बर (मायनस म्हणजे चाकाचं वरचं टोक आत) आहे आणि पुढे थोडा टो-आऊट, वळणात शिरताना नाक इतकं पटकन फिरतं की मजा येते. कॅस्टर मिळेल तेवढा घे. वळणात नाक बाहेर जातंय ना, मग पुढचा कॅम्बर वाढवच.

नटबोल्ट
ऑटोक्रॉसला बरोबर आहे, पण हा माणूस रोजच्या टायरवर मोटरवेने जातो, तिथे पुढच्या टो-आऊटने गाडी प्रत्येक खाचेमागे पळेल आणि टायरची आतली कड लवकर संपेल. टायर खाण्यात कॅम्बरपेक्षा टो जास्त वाईट. आणि नाक बाहेर जातं ते फक्त डाव्या वळणात, तेही मागचं उजवं चाक टो-इन असल्यामुळे, मागचं सरळ केलं की तेही बदलेल.

डर्बीकर, रस्त्यासाठी हे आकडे लिहून ने: पुढे कॅम्बर मायनस १ डिग्री, कॅस्टर ५ च्या आसपास आणि दोन्हीकडे सारखा, टो शून्य. मागे कॅम्बर मायनस दीड, टो-इन प्रत्येक बाजूला ८ ते १० मिनिटं. मागचा कॅम्बर पुढच्यापेक्षा अर्धा डिग्री जास्त ठेवला की शेपूट विश्वासाचं राहतं. गाडी खाली घेतलीयस त्यामुळे मागे दोन डिग्री आला तरी चालेल, पण डावं-उजवं सारखं असू दे. आधी मागचं, मग पुढचा कॅस्टर-कॅम्बर, आणि स्टिअरिंग सरळ लॉक करून शेवटी पुढचा टो. क्रम उलटा केला तर सगळं परत करावं लागतं. थंड टायरमध्ये २६ पीएसआय, अर्धी टाकी पेट्रोल आणि ड्रायव्हर सीटवर तुझ्या वजनाएवढं काहीतरी.

डर्बीकर
नटबोल्ट दादा, किती स्वच्छ सांगितलंत, डोक्यात प्रकाश पडला. गाडी जॅकवर घेऊन बघितली, मागच्या डाव्या आर्मचा पुढचा बोल्ट फिरवला की थोडा फिरतो आणि सोडला की परत जागेवर येतो. बाकीचे हलतात.

नटबोल्ट
मग तो फिरतच नाहीये, तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात त्याचा प्रताप. बोल्ट बुशच्या (आर्मच्या टोकातल्या रबरी तुकड्याच्या) आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटलाय आणि तू फक्त रबर पिळतोयस, जोर लावलास तर बुश फाटेल. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पेनिट्रेटिंग ऑइल मार, मग नट टोकावर ठेवून हातोडीने हळू ठोकून बघ. नाहीच निघाला तर आर्मच्या दोन्ही बाजूंनी बोल्ट कापायचा आणि नवा बोल्ट, नवा बुश. बसवताना बोल्टला कॉपर ग्रीस लाव, आणि नट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना, लटकत्या आर्मवर आवळलास तर रबर कायम पिळलेलं राहील आणि गाडीची उंचीच बदलेल.

कोथरूडचा_गडी
बुश बदलणार असाल तर दोन्ही बाजूंचे एकदमच बदला, एक नवा एक जुना असला की भाराखाली टो परत वेगवेगळा सरकतो. आणि तोवर पावसात उजवी वळणं जपून घ्या.