नुसता धांगडधिंगा नव्हता
'ऐंशीचं दशक सरताना हिंदी गाण्यांत नुसता धांगडधिंगा उरला होता', हे काही पटलं नाही बुवा. १९८८ च घ्या. 'तेजाब'मधलं 'एक दो तीन' त्याच वर्षीचं, मान्य. सरोज खानला नृत्यदिग्दर्शनाचं पहिलंवहिलं फिल्मफेअर त्यानेच मिळवून दिलं. पण 'कयामत से कयामत तक'मधलं 'पापा कहते हैं'ही तेव्हाचंच. उदित नारायण घराघरांत पोचला तो इथे. संगीतकार आनंद-मिलिंद म्हणजे जुने संगीतकार चित्रगुप्त यांची मुलं. आणि गीतकार? मजरूह सुलतानपुरी! १९४६ साली सैगलसाठी 'जब दिल ही टूट गया' लिहिणारा हा माणूस सत्तरीच्या उंबरठ्यावर कॉलेजातल्या पोराच्या तोंडी शब्द घालत होता, तेही कुठे ओढूनताणून वाटू न देता. आमच्याकडची कॅसेट इतकी वाजली की फीतच गुंतली. मग पेन्सिल घालून गुंडाळत बसायचं.