निळूभाऊंना आपण वाड्यातच कोंडून ठेवलं का?

मुठाकाठ:
१३ जुलै आला की फोनवर तीच नक्कल फिरायला लागते, 'बाई, वाड्यावर या.' निळू फुले २००९ साली याच तारखेला गेले. एवढ्या मोठ्या नटाची आपण जपलेली आठवण ती एवढीच. मला हे फार लागतं.

पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला माणूस. १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा गाजला आणि मग सरपंच, पाटील, चेअरमन यांची रांगच लागली. 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू टिपणीस बघा. सत्तेचा खेळ बघून बघून शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो, ते हसू मला दोन दिवस सोडत नाही. असे किती दिगू आपण गमावले? निर्मात्यांनी त्यांचं नुकसान केलं आणि प्रेक्षकांनी त्याला साथ दिली, असं माझं ठाम मत आहे.

ऊसपट्टा:
'नुकसान' हा शब्द मला मान्य नाही. मी कारखान्याच्या गावातला. 'सामना'तला हिंदुराव धोंडे पाटील आम्ही रोज बघत मोठे झालो. हा माणूस उगाच आरडाओरडा करत नाही. मास्तरला घरी आणतो, दारू पाजतो, जवळ बसवतो, आणि ती माया खरी वाटते. म्हणूनच मास्तर गावातून नाहीशा झालेल्या माणसाबद्दल 'मारुती कांबळेचं काय झालं?' विचारायला लागला की पोटात गोळा येतो. गावोगाव हिंडलेल्या सेवा दलाच्या कार्यकर्त्यालाच सत्ता इतकी आतून कळू शकते.

जत्रेतल्या तंबूत माझी आजी पडद्याकडे बघून बोटं मोडायची, 'मुडदा बशिवला तुझा!' बाहेर आल्यावरही तिचा राग उतरलेला नसायचा. नटाला याहून मोठी पावती कोणती?

मुठाकाठ:
'सामना'बद्दल वादच नाही. पण त्यामागे तेंडुलकरांची लेखणी होती, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन होतं. असे सिनेमे किती? बाकी ठिकाणी टोपी, मिशी आणि एक वखवखलेली नजर, बस्स.

चौथीचा वर्ग:
मी शिक्षिका आहे. पहिल्या नेमणुकीच्या गावात स्नेहसंमेलनाला एका वजनदार माणसाने माझ्याकडे बघत तीच नक्कल केली. मांडवभर हशा. मुख्याध्यापकही हसले. मी हातातल्या बक्षिसांच्या यादीकडे बघत उभी राहिले.

ऊसपट्टा, तुमच्या आजीला चीड आली, त्या मांडवात कुणालाच आली नाही. ज्या माणसाची भीती आणि घृणा वाटावी म्हणून निळूभाऊंनी जीव ओतला, त्याचीच लोकांना गंमत वाटायला लागली. भूमिका कमी मिळाल्या की जास्त, यापेक्षा मला हे नुकसान मोठं वाटतं.

ऊसपट्टा:
बाई, हे वाचून वाईट वाटलं. आम्हीही गॅदरिंगला ती नक्कल केली आहे, समोर कोण बसलंय याचा विचार न करता. चूक होती.

तरीही त्याचा दोष भूमिकांना देऊ नका. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आणि सामाजिक कृतज्ञता निधीसाठी नट डॉ. श्रीराम लागूंच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला हा माणूस. आपण पडद्यावर कुणाला उभं करतोय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि मुठाकाठ, रंगभूमी का विसरता? १९७२चा 'सखाराम बाइंडर' कुणाचा? 'सूर्यास्त'मधले अप्पाजी? तिथे त्यांना कुणी कोंडलं नव्हतं.

मुठाकाठ:
विसरलो नाही. माझ्या वडिलांनी तो सखाराम बघितला होता. ललन सारंगांची चंपा आणि समोर निळूभाऊ, एवढं सांगून ते गप्प व्हायचे, पुढचं त्यांना सांगताच यायचं नाही. वडील आता नाहीत. तो सखाराम तारुण्यात बघितलेला माणूस आज सत्तरीच्या पुढे असणार. प्रयोग संपतो, पडदा पडतो, हातात काही उरत नाही. माझ्या मुलीला निळूभाऊ भेटणार ते सिनेमातच, म्हणून मी हिशेब सिनेमाकडे मागतोय.