एमिल कोल: पन्नाशीतला नवशिका की मुरलेला व्यंगचित्रकार?

रेषाळ:
एमिल कोलची गोष्ट जो तो एकाच चालीवर सांगतो. पन्नाशी ओलांडली, १९०८ साली गोमाँ या फ्रेंच फिल्म कंपनीत शिरला, 'फांतास्मागोरी' ही हलत्या चित्रांची फिल्म काढली आणि रातोरात ॲनिमेशनचा जनक! मग आधीची तीस वर्षं हा माणूस काय माशा मारत होता? १८५७ साली पॅरिसमध्ये जन्मलेला हा एमिल कुर्ते ('कोल' हे त्याचं टोपणनाव) विशीतच आंद्रे जिल या नावाजलेल्या व्यंगचित्रकाराच्या हाताखाली गेला. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या मॅकमाहोनची टर उडवली म्हणून अटकही झाली. पुढे 'अँकोएराँ' या टवाळ कलावंतांच्या कंपूत रमला. 'फांतास्मागोरी'त दारूच्या बाटलीचं बघता बघता फूल होतं, ही अक्कल त्याच कंपूतली. माझ्या मते ॲनिमेटर कोल १८८०च्या दशकातच घडला होता.

खडूस_काका:
टवाळीचं मान्य. पण जिलच्या हाताखालून गेलेले बाकीचे कुठे ॲनिमेटर झाले? व्यंगचित्र जागचं हलत नाही हो! 'फांतास्मागोरी'ची सुमारे सातशे चित्रं, प्रत्येकाच्या दोन फ्रेम, आणि पडद्यावर दोन मिनिटंही नाहीत. हा हिशोब तो पन्नाशीतच शिकला, आणि तोही अमेरिकेतल्या ब्लॅकटन या फिल्मकाराचं पाहून. फळ्यावर खडूने काढल्यासारखं दिसतं ना? ते पांढऱ्या कागदावरचं काळ्या शाईचं काम आहे, निगेटिव्ह छापलेलं. १९०६ साली ब्लॅकटनने खरोखरच फळा वापरला होता.

मावळती:
'जनक' म्हणायचंच तर एमिल रेनो आठवा की. २८ ऑक्टोबर १८९२, पॅरिसचं ग्रेव्हँ संग्रहालय, त्याने हाताने रंगवलेल्या पट्ट्या पडद्यावर हलत होत्या. ल्युमिएर बंधूंच्याही आधी!

रेषाळ:
रेनोला दंडवत. पण त्याच्याकडे कॅमेरा नव्हता, आणि मी जनकपदावर भांडतच नाहीये. काका, ब्लॅकटनच्या फळ्यावर माणसाचा हावभाव बदलतो. कोलकडे वस्तूचं वस्तूपणच टिकत नाही. हे दुसऱ्याचं तंत्र पाहून येत नाही.

नाशिककर:
जरा अवांतर. कोलने १९०८ मध्येच आगकाड्या नाचवल्या होत्या. आपल्या फाळक्यांनीही नंतर 'आगकाड्यांची मौज' केली. त्यांनी कोल पाहिला होता असा माझा दावा नाही, पण फाळकेही आधी फोटोग्राफी, छपाई, जादू असं सगळं करूनच सिनेमात आले. त्यांना कोणी उशिरा आलेले म्हणत नाही!

खडूस_काका:
फाळके चाळिशीत आले, कोल एक्कावन्नाव्या वर्षी. आणि रेषाळ, पूर्वतयारीच सगळं काही असेल तर अमेरिकेतलं काम बघा. १९१२ नंतर फोर्ट ली इथे त्याने मॅकमॅनसच्या वृत्तपत्री चित्रमालिकेवर फिल्मा केल्या. व्यंगचित्रकाराला याहून घरचं काम कुठलं?

रेषाळ:
बघू कशा? १९१४ साली फोर्ट लीच्या स्टुडिओला लागलेल्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या.